हात धुतले, म्हणजे नेमके काय केले?

एखाद्या इंग्रजी कादंबरीत वाक्य येते : ‘ही वॉश्ड हिज हॅन्ड्स ऑफ द होल अफेअर.’ एकही शब्द अवघड नाही. वॉश म्हणजे धुणे, हॅन्ड म्हणजे हात, अफेअर म्हणजे प्रकरण. शब्दकोश उघडावासा वाटत नाही, डोळे पुढे सरकतात आणि मनात मराठी वाक्य आपसूक जुळते : त्याने त्या सगळ्या प्रकरणात हात धुऊन घेतले. म्हणजे संधी साधली, वाहत्या गंगेत हात धुतले. लेखकाने सांगितले होते ते याच्या अगदी उलट. त्या माणसाने प्रकरणातून अंग काढून घेतले होते; यापुढे जे होईल त्याच्याशी माझा संबंध नाही, असे म्हणून हात झटकले होते. पुढची पन्नास पाने आपण त्याला लाभ उपटणारा समजून वाचत राहतो, आणि त्याच्या वागण्याची संगती का लागत नाही हे काही केल्या उमगत नाही.

इंग्रजीतले हे हात बायबलमध्ये धुतलेले आहेत. मत्तयच्या शुभवर्तमानात, सत्ताविसाव्या अध्यायाच्या चोविसाव्या वचनात, रोमन सुभेदार पिलात जमावासमोर पाणी घेऊन हात धुतो आणि येशूच्या रक्ताचा दोष माझ्यावर नाही असे जाहीर करतो. १६११ च्या किंग जेम्स बायबलमुळे हा प्रसंग इंग्रजी वाचणाऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या ओळखीचा झाला. मराठीतले हात मात्र वेगळ्या पाण्यात धुतलेले. ‘हात धुऊन घेणे’ म्हणजे लाभ उठवणे, ‘हात धुऊन मागे लागणे’ म्हणजे पिच्छा न सोडणे. तेच हात, तेच धुणे, आणि अर्थ तीन दिशांना तीन.

इंग्रजी वाचताना आपण धास्ती घेतो ती अनोळखी शब्दांची. ती धास्ती अनाठायी आहे असे मला वाटते. अनोळखी शब्द निदान थांबवतो, आपल्याला हे कळलेले नाही याची जाणीव तरी देतो. ओळखीच्या शब्दांचा वाक्प्रचार थांबवत नाही. तो समजल्याचा भास देऊन पुढे जाऊ देतो. म्हणून वाक्प्रचाराचा अर्थ शोधणे ही दुसरी पायरी झाली. इथे वाक्प्रचार आहे हे हेरणे ही पहिली, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

हेरायचे कसे? सर्वांत सोपी खूण म्हणजे प्रसंगात नसलेली वस्तू. बंद खोलीत चार माणसे करारावर बोलत आहेत आणि अचानक पिशवीतून मांजर बाहेर येते, कुणी कुऱ्हाड पुरतो, कुणाच्या हातून घेवड्याचे दाणे सांडतात. ‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ म्हणजे नकळत गुपित फोडणे, ‘बरी द हॅचेट’ म्हणजे वैर मिटवणे, ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित सांगून टाकणे. मांजर त्या खोलीत आधीच्या पानावर नव्हते, पुढच्या पानावरही नाही, म्हणजे ते खरे मांजर नव्हे. अवघड जागा ती, जिथे शब्दशः अर्थही बसून जातो. बर्फाळ प्रदेशातल्या कथेत ‘ही गॉट कोल्ड फीट’ आले तर त्याचे पाय गारठले असे वाटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी परिच्छेद संपेपर्यंत वाचावे आणि ‘बट’, ‘सो’, ‘स्टिल’ यांसारख्या छोट्या शब्दांवर लक्ष ठेवावे. ‘लग्नाची सगळी तयारी झाली होती, बट ही गॉट कोल्ड फीट’ असे असेल, तर वाक्याला वळण ‘बट’ने दिलेले आहे. ठरवलेल्या गोष्टीपासून ऐन वेळी मागे हटणे, हा तो अर्थ. मराठीत ‘हातपाय गार पडणे’ आहे, पण ते कुठल्याही भीतीने पडतात. ‘कोल्ड फीट’ येण्यासाठी आधी निश्चय केलेला असावा लागतो. निश्चयच केला नसेल तर भीती कितीही वाटो, इंग्रजी माणूस हा वाक्प्रचार वापरणार नाही.

दुसरी खूण व्याकरणाची. ‘बाय अँड लार्ज’ याचे पदच्छेद करून पाहा : एक शब्दयोगी अव्यय आणि एक विशेषण ‘आणि’ने जोडलेले. इंग्रजीचे कुठलेच सामान्य व्याकरण याला परवानगी देत नाही. हा शिडाच्या जहाजांच्या काळातला शब्द. ‘बाय’ म्हणजे वाऱ्याच्या जवळजवळ समोरून जाणे, ‘लार्ज’ म्हणजे वारा मागच्या बाजूने घेऊन जाणे. दोन्ही प्रकारे, म्हणून एकंदरीत पाहता. असा व्याकरणाला न जुमानणारा तुकडा दिसला की तो जुना, गोठलेला आहे असे समजावे. काही शब्द तर वाक्प्रचाराबाहेर कुठेच जिवंत नाहीत. ‘टू अँड फ्रो’मधला ‘फ्रो’, ‘किथ अँड किन’मधला ‘किथ’, ‘बेक अँड कॉल’मधला ‘बेक’. मराठीत भंबेरी फक्त उडते; ती कुणी आणत नाही, ठेवत नाही, मोजत नाही. तसेच हे. अशा शब्दाचा एकट्याचा अर्थ शोधण्यात वेळ घालवू नये, त्याच्या जोडीदारासह शोधावा.

तिसरी खूण ताठरपणाची. ‘त्याने गाशा गुंडाळला’ म्हटले की तो निघून गेला, व्यवहार आटोपता घेतला. ‘त्याने दोन मोठे गाशे गुंडाळले’ म्हणून पाहा. वाक्प्रचार जागच्या जागी मोडतो आणि हातात नुसते कापड उरते. इंग्रजीत ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे, पण ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हटले की कुणीतरी बादलीला लाथ मारली, एवढेच. उलट ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ चालते. हा फरक का पडतो हे जेफ्री नुनबर्ग, आयव्हन सॅग आणि टॉमस वॅसो या भाषाशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये नीट मांडले. काही वाक्प्रचारांत अर्थ तुकड्यातुकड्यांत वाटलेला असतो : ‘बीन्स’ म्हणजे गुपित, ‘स्पिल’ म्हणजे ते बाहेर पडू देणे. तुकड्यांना अर्थ असतो म्हणून ते हलवता येतात. ‘किक द बकेट’मध्ये बादली म्हणजे काहीच नव्हे आणि लाथ म्हणजेही काही नव्हे; मरण हा अर्थ सगळ्या तुकड्याला मिळून चिकटलेला आहे. वाचणाऱ्याला याचा सरळ उपयोग आहे. पहिल्या जातीचा वाक्प्रचार संदर्भावरून ओळखता येतो, थोडे डोके चालवले तर ‘बिंग फोडणे’पर्यंत पोचता येते. दुसऱ्या जातीच्या बाबतीत तर्क करणे म्हणजे सुताने स्वर्ग गाठणे. तिथे मुकाट्याने शब्दकोश उघडावा.

मातृभाषेत आपल्याला यातले काहीच करावे लागत नाही, आणि तसे का, हे पाहण्यासारखे आहे. ‘डोळ्यात’ एवढाच शब्द कानावर पडला तर पुढे काहीही येऊ शकते : पाणी, धूळ, अंजन. ‘डोळ्यात तेल’ म्हटल्याबरोबर मात्र प्रश्न संपतो. ‘घालून’ यायच्या आधीच पहारा, जागरण, दक्षता मनात उभी राहते. क्रिस्तिना काच्चारी आणि पात्रीत्सिया ताबोस्सी या दोन इटालियन संशोधकांनी १९८८ मध्ये याला किल्लीची कल्पना लावली : वाक्प्रचारातला एखादा शब्द किल्ली असतो, तो येईपर्यंत मेंदू शब्दशः वाचत असतो, आणि तो आला की सगळे कुलूप एकदम उघडते. इंग्रजी वाचताना आपल्याजवळ ही किल्ली नसते. ती मिळते एकाच मार्गाने, तोच वाक्प्रचार पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या प्रसंगांत भेटल्यावर. म्हणून शब्दकोशात एकदा अर्थ पाहिला आणि झाले, असे होत नाही.

शब्दकोशात पाहणे हेही कसब आहे. समजा वाक्य असे आहे : ‘ही वॉज फायनली टेकन डाउन अ पेग ऑर टू बाय हिज ओन स्टुडंट्स.’ हे असेच्या असे कुठल्याही शब्दकोशात सापडणार नाही. आधी त्याची टरफले काढावी लागतात. ‘फायनली’ हा लेखकाने मध्ये घातलेला शब्द, तो काढला. ‘बाय हिज ओन स्टुडंट्स’ ही या प्रसंगाची माहिती, तीही काढली. कर्मणी रचना कर्तरी केली, काळ काढून क्रियापद मूळ रूपात आणले, आणि ‘त्याला’च्या जागी ‘कुणाला तरी’ ठेवले. उरले ते ‘टेक समबडी डाउन अ पेग ऑर टू’. आता हे शोधायचे कुठे? इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेले शब्दकोश वाक्प्रचार सहसा त्यातल्या पहिल्या भरीव शब्दाखाली देतात, म्हणजे नाम, क्रियापद, विशेषण यांच्या. पण ‘टेक’, ‘गेट’, ‘मेक’, ‘पुट’ ही क्रियापदे इतकी सर्वत्र आहेत की त्यांच्याखाली सगळे भरले तर नोंद संपायचीच नाही. म्हणून तिथे पुढच्या भरीव शब्दाकडे जायचे. इथे तो शब्द ‘पेग’. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-शब्दकोशात नोंदीच्या शेवटी ‘आयडीएम’ अशी खूण करून वाक्प्रचार वेगळे काढलेले असतात, तिथे हा भेटतो. अर्थ : स्वतःला फार समजणाऱ्याला त्याची जागा दाखवणे. मराठीत, तोरा उतरवणे. त्याच्याच विद्यार्थ्यांनी अखेर त्याचा तोरा उतरवला.

नोंदीत ‘वन्ज’ छापले आहे की ‘समबडीज’, हेही पाहायला हवे. ‘लूझ वन्ज टेम्पर’मध्ये डोके स्वतःचेच फिरते. ‘गेट ऑन समबडीज नर्व्ह्ज’मध्ये त्रास दुसऱ्याला होतो, ‘शी गेट्स ऑन माय नर्व्ह्ज’ म्हणजे ती माझ्या डोक्यात जाते. कोण कर्ता आणि कोण भोगणारा, हे त्या एका शब्दावर ठरते.

असे शब्दकोश मुळात आपल्यासारख्यांसाठीच जन्माला आले. ए. एस. हॉर्नबी आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी जपानमध्ये शिकवताना ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांसाठी एक शब्दकोश रचला. तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. त्याच्या मूळ नावातच वाक्प्रचार आणि वाक्यरचना हे दोन शब्द होते. इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेल्या जाडजूड कोशापेक्षा या घराण्यातला मध्यम आकाराचा कोश वाक्प्रचारांसाठी जास्त कामाला येतो. कारण तो उदाहरण म्हणून पूर्ण वाक्य देतो आणि अर्थाआधी बारीक अक्षरात एक शेरा देतो : अनौपचारिक, जुनाट, विनोदी, नापसंतीदर्शक. बहुतेक वाचक तो शेरा ओलांडून अर्थाकडे जातात. तिथेच घोटाळा होतो, कारण वाक्प्रचाराला अर्थाखेरीज रोख असतो, आणि रोख त्या शेऱ्यात असतो.

‘किक द बकेट’ याचा अर्थ मरणे. बरोबर आहे. पण मराठीत मरणे किती तऱ्हांनी सांगता येते पाहा. देवाज्ञा झाली, कैलासवासी झाले, गेले, वारले, खपला, गचकला. या सगळ्यांचा अर्थ एकच आहे आणि यातला कुठलाही शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवता येत नाही. ‘किक द बकेट’ हे ‘गचकणे’ आहे. फ्रान्सिस ग्रोझने १७८५ मध्ये लंडनच्या रस्त्यावरच्या, सभ्य कोशांत जागा न मिळालेल्या भाषेचा कोश काढला, त्यात हा वाक्प्रचार नोंदवलेला आहे. जन्मापासून तो त्या वस्तीतला. सांत्वनाच्या पत्रात त्याला जागा नाही; तिथे ‘पास अवे’ येते. आणि एखाद्या वृद्धाबद्दल ‘ही हॅड अ गुड इनिंग्ज’ म्हटले असेल, तर त्यात क्रिकेटची भाषा असूनही उपहास नाही. खूप जगला, चांगले जगला, तृप्त होऊन गेला, अशी माया आहे. मराठीत आपण पिकले पान गळाले म्हणतो, त्याच्या आसपासचे. मरणे, मरणे आणि मरणे, असे तीन ठिकाणी लिहून ठेवणाऱ्याच्या हाती तिन्ही वेळा अर्थ आला आणि तिन्ही वेळा रोख निसटला.

रोख कधी कधी कायमचा ठरलेला असतो. ‘द रायटिंग ऑन द वॉल’ म्हणजे पुढे काय होणार याची स्पष्ट चिन्हे. पण ती चिन्हे नेहमी अशुभच. बायबलमधल्या दानिएलच्या पाचव्या अध्यायात बेलशस्सर राजाच्या मेजवानीत हाताची बोटे प्रकटतात, भिंतीवर अक्षरे लिहितात, आणि ती त्याच्या राज्याचा अंत सांगतात. एखाद्या खेळाडूच्या येऊ घातलेल्या विजयाबद्दल कुणी हा वाक्प्रचार वापरला, तर तो चुकला.

आता मराठीच्या आधाराबद्दल. मातृभाषेत तोलून पाहण्याची सवय सोडावी असे पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. ‘ॲड फ्युएल टू द फायर’ वाचताना आगीत तेल ओतले जाते, ‘ब्लो वन्ज ओन ट्रम्पेट’ वाचताना कुणी आपलीच टिमकी वाजवत असतो, ‘टर्न अ ब्लाइंड आय’ला कानाडोळा चपखल बसतो. ‘अ ड्रॉप इन द ओशन’ला ‘दर्यामें खसखस’पेक्षा चांगला शब्द कुणी सुचवावा! हे आधार टाकून देण्याचे कारण नाही. धोका असतो तो सारख्या दिसणाऱ्या जोड्यांत. ‘प्रिक अप वन्ज इअर्स’ घ्या. ‘प्रिक’ या शब्दाचा मराठी अर्थ टोचणे, ‘इअर्स’ म्हणजे कान, आणि मराठीत कान टोचणे तयारच आहे : कानउघाडणी करणे, चूक दाखवून देणे. प्रत्यक्षात तो कुत्रा किंवा घोडा करतो तसा, कान उभे करणे आहे. म्हणजे कान टवकारणे. ‘पुल समबडीज लेग’ म्हणजे कुणाची फिरकी घेणे, निरुपद्रवी थट्टा. मराठीतले पाय ओढणे वर चढणाऱ्याला खाली खेचते, त्यात असूया असते. मैत्रीतल्या थट्टेचा प्रसंग वैराचा वाटू लागतो, केवळ एका पायामुळे. ‘ईट वन्ज वर्ड्स’ म्हणजे आपले म्हणणे चुकले हे कबूल करावे लागणे. मराठीत शब्द खाणारा माणूस अस्पष्ट बोलतो. आणि ‘गिव्ह समबडी अ पीस ऑफ वन्ज माइंड’मध्ये मन मोकळे केलेले नसते, चांगले खडसावलेले असते.

यापेक्षाही बारीक जागा म्हणजे छोटे शब्द. ‘हार्ट’ हा एकच शब्द घेऊन बसले तरी पुरे. ‘टेक हार्ट’ म्हणजे धीर धरणे, हुरूप येणे. ‘टेक समथिंग टू हार्ट’ म्हणजे मनाला लावून घेणे. ‘लूझ हार्ट’ म्हणजे धीर सुटणे. ‘लूझ वन्ज हार्ट टू समबडी’ म्हणजे कुणावर जीव जडणे. ‘बाय हार्ट’ म्हणजे तोंडपाठ. ‘अॅट हार्ट’ म्हणजे अंतर्यामी, मुळात. ‘लूझ हार्ट’ आणि ‘लूझ वन्ज हार्ट’ यांत फरक एका ‘हिज’चा किंवा ‘हर’चा, आणि एकीकडे खचलेला माणूस तर दुसरीकडे प्रेमात पडलेला. ‘हॅव अ वर्ड’ म्हणजे बाजूला घेऊन दोन शब्द बोलणे. ‘हॅव वर्ड्स’ म्हणजे शब्दाने शब्द वाढून खटका उडणे. वेगात वाचताना आपले डोळे नामांवर आणि क्रियापदांवर उतरतात आणि ‘अ’, ‘द’, ‘हिज’, ‘टू’ यांवरून घसरतात. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ नाहीत, त्यामुळे त्यांचे वजन आपल्याला जन्मतः जाणवत नाही. अर्थ डळमळीत वाटला की त्या वाक्यातले छोटे शब्द एकदा बोट ठेवून वाचावेत. एवढ्याने बरेच गुंते सुटतात.

उगम शोधण्याची गोडी अनेकांना असते, आणि ती असावी. ‘टेकन अबॅक’ म्हणजे चकित होणे. शिडावर अचानक समोरून वारा आदळून जहाज जागीच थबकते हे डोळ्यांसमोर आणले की तो अर्थ पुन्हा विसरत नाही. ‘विन हॅन्ड्स डाउन’ म्हणजे सहज जिंकणे. शर्यतीत इतका पुढे असलेला स्वार की तो लगाम सैल सोडून हात खाली घेतो. पण उगमाच्या नावाखाली कथाही भरपूर फिरतात. ‘रेन कॅट्स अँड डॉग्ज’बद्दल सांगतात की जुन्या काळी गवताच्या छपरावर झोपलेली मांजरे-कुत्री पावसात घसरून खाली पडत. ही गोष्ट १९९९ च्या सुमारास इमेलवरून पसरलेल्या एका मजकुरातून घरोघर पोचली आणि तिला आधार नाही. जोनाथन स्विफ्टने १७३८ मध्ये हा वाक्प्रचार संभाषणात वापरलेला आहे. त्यात मांजरेच का, याचे पक्के उत्तर आजही नाही. फार नेटकी, चित्रासारखी गोष्ट भेटली की ती लक्षात ठेवण्यासाठी वापरावी, पुरावा म्हणून वापरू नये.

एका वाक्प्रचाराच्या बाबतीत मात्र उगम कळल्याशिवाय अर्थच हाती लागत नाही. ‘द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल’. मराठीत आपण ‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ असे करून घेतले आहे आणि आपला नियम कुणी खोडला की हे वाक्य ढालीसारखे पुढे धरतो. विरुद्ध उदाहरणाने नियम सिद्ध कसा होईल? तो तर ढासळेल. मूळ तत्त्व रोमन कायद्याच्या युक्तिवादातले. दारावर ‘रविवारी प्रवेश बंद’ अशी पाटी आहे. इतर दिवसांबद्दल तिच्यावर एक अक्षर नाही. पण रविवारचा अपवाद मुद्दाम लिहिला, यावरूनच सिद्ध होते की एरवी प्रवेश खुला आहे. अपवाद सांगितलेला असणे हा न सांगितलेल्या नियमाचा पुरावा. इंग्रजी पुस्तकांत दोन्ही प्रकारचा वापर सापडतो, योग्यही आणि ढालीचाही, त्यामुळे लेखक कुठल्या अर्थाने म्हणतो आहे हे दर वेळी पाहावे लागते.

अर्थ काळाबरोबर आणि समुद्रापलीकडे गेल्यावरही बदलतो. ‘बेग द क्वेश्चन’ तर्कशास्त्राच्या पुस्तकात आले तर जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणे. आजच्या वर्तमानपत्रात आले तर बहुधा ‘प्रश्न उपस्थित होतो’. ‘मूट पॉइंट’ इंग्लंडात वादाचा मुद्दा, अमेरिकेत ज्यावर वाद घालण्यात आता अर्थ उरलेला नाही असा मुद्दा. आणि ‘टेबल’ : ब्रिटिश सभेत प्रस्ताव ‘टेबल’ केला म्हणजे चर्चेला घेतला, अमेरिकन सभेत ‘टेबल’ केला म्हणजे बाजूला ठेवला. चर्चिलने दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात याची हकिगत दिली आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचे होते, म्हणून ते ‘टेबल’ करू म्हणाले. अमेरिकनांना वाटले हे ते खणात टाकायला निघाले आहेत. दोन्ही पक्षांना हवे होते एकच, आणि हे उमगेपर्यंत लांबलचक, कडवट वाद झाला. मातृभाषा इंग्रजी असलेल्यांचे हे झाले. म्हणून पुस्तकाचे पहिले पान पाहून लेखक कुठला आणि साल कुठले हे मनाशी ठेवणे वाचताना खरेच उपयोगी पडते.

लेखक वाक्प्रचार अर्धाच सोडून देतात, तेही ध्यानात ठेवावे. ‘वेल, व्हेन इन रोम…’ एवढेच वाक्य येते. पुढचे ‘रोमन करतात तसे करा’ वाचकाने भरायचे असते. ‘दॅट वॉज द लास्ट स्ट्रॉ’मध्ये उंट दिसतच नाही, ज्याची पाठ त्या शेवटच्या काडीने मोडली. आपणही ‘नाचता येईना…’ म्हणून थांबतोच की. तीन टिंबे किंवा अचानक आलेली एकटी काडी दिसली, तर ती कुठल्या म्हणीची शेपटी आहे ते शोधावे.

वाचताना वही ठेवायची तर एका ओळीत शब्द आणि अर्थ अशी ठेवू नये. तशी वही महिनाभरात निर्जीव होते. पुस्तकातले मूळ वाक्य जसेच्या तसे उतरवावे. त्याखाली टरफले काढलेले कोशातले रूप. मग कोण कुणाला, कुठल्या सुरात म्हणाले. आणि शेवटी मराठी, पण घाई न करता; तोच वाक्प्रचार आणखी दोन ठिकाणी भेटेपर्यंत ही जागा कोरी राहिली तरी चालेल. ‘हॉब्सन्स चॉइस’चे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ‘चॉइस’ शब्द पाहून आणि प्रसंगातली अडचण पाहून हात आपोआप लिहितो : इकडे आड, तिकडे विहीर. मग उगम वाचनात येतो. टॉमस हॉब्सन हा केंब्रिजमध्ये घोडे भाड्याने देणारा, १६३१ मध्ये वारला. गिऱ्हाइके चांगले घोडे निवडून निवडून दमवत, म्हणून त्याने नियम केला : दाराजवळ जो उभा आहे तो घ्या, नाही तर चालत जा. आडाच्या पलीकडे निदान विहीर तरी होती. इथे समोर एकच घोडा आहे. आड-विहीर खोडून त्या जागी लिहायचे ते हे : ‘घ्यायचे तर हेच, नाही तर राहू द्या.’